टीममध्ये मी नाही

काल रात्री जेवताना रोह्यानं टीम काढली. परग्रहावरचे आलेच तर आपल्यातलं कोण कोण टिकणार, त्याची. दादा, कारण तालमीतलं अंग. वैनी, कारण चुलीवरपण करून घालतील. खालचा पम्या, कारण बंद पडलेली गाडी चालू करतो. टॉमीसुद्धा. मी भाकरी मोडत वाट बघत राहिले. शेवटी वैनींनीच विचारलं, "आणि आत्ती रे?"

"आत्ती नको. ती नुसती वाचत बसंल."

सगळे हसले. मीपण हसले.

बरं, हे खूळ डोक्यात घालणारी मीच. एच. जी. वेल्सची १८९८ सालची ती मंगळावरच्यांच्या स्वारीची कादंबरी करवीर नगर वाचन मंदिरातनं माझ्या कार्डावर आणून दिली. त्याचं हे फळ. कुत्रं घेतलं, मला नाही.

पोरगं खोटं तरी काय बोललं? २०१९ च्या कोल्हापूरच्या पुरात दादा छातीभर पाण्यातनं माणसं काढत होता, वैनी गॅस पुरवून पुरवून वापरत होत्या. शिरोलीजवळ हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. चहूकडं पाणी आणि नळ कोरडे. आणि मी जिन्यात बसून फोनवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वाचून दाखवत होते. धोक्याची ४३ फुटांची खूण कधीच गेली होती. पन्नास झाले. पंचावन्नच्या वर गेलं. माझ्या वाचण्यानं इंचभर पाणी उतरलं नाही. अशा वेळी घरात आपलं माणूस म्हणून असणं वेगळं आणि... जाऊ दे, तो विषय नको.

पण अंधार पडला की सगळे मलाच विचारायचे, "किती झालं गं?"

टॉमीला कुणी विचारलं नव्हतं.

आज दुपारी ऑफिसात आठवलं, कादंबरीतही एक टीम काढणारा आहेच की! तोफखान्यातला शिपाई. लंडनच्या गटारांत राहायचं, धडधाकट माणसंच घ्यायची, दुबळ्यांना जागा नाही, असा जंगी बेत. प्रत्यक्षात आठवडाभर खणून बाबानं केलेलं भुयार जेमतेम दहा यार्ड. मग शॅम्पेन आणि पत्ते! आणि मंगळवाले मेले कशानं? साध्या जंतूंनी. तोफांनी नाही, टीमनं तर नाहीच. आपल्या गावातल्या घाण जयंती नाल्यात उतरले असते तर एवढं थांबावंच लागलं नसतं. त्यातून ही सगळी हकिगत सांगायला जगतो कोण, तर एक लिहिणारा-वाचणारा माणूस. रोह्या अजून तिथवर पोचलेला नाही. मी सांगणार नाही.

तसं आज सकाळी दूध आणायला त्यालाच उठवलं होतं. "पाच मिनिटं, आत्ती," म्हणून कूस बदलली. दादाचं अंग धरलेलं. पम्याची स्वतःचीच गाडी गॅरेजला. पिशवी घेऊन मीच गेले. चहा उकळल्याचा वास सुटल्यावर मात्र अख्खी टीम हजर, टॉमीसकट.