लॅपटॉपला पासवर्ड आहे म्हणजे क्लायंटचा डेटा सेफ, असं नाही

लोकांचे हिशोब, करार, मेडिकल रिपोर्ट, ओळखपत्रांचे स्कॅन असं सगळं आपल्या लॅपटॉपवर पडलेलं असतं, आणि सुरक्षेचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "पासवर्ड आहे ना!" अहो पण तो पासवर्ड विंडोजमध्ये शिरायचा आहे, डिस्कचा नाही. चोरणाऱ्याने चार स्क्रू काढून एसएसडी (सगळा डेटा जिच्यात असतो ती डिस्क) बाहेर घेतली आणि यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या मशीनला लावली की तुमचा लॉगिन पासवर्ड कोणी विचारतच नाही. फार तर या फोल्डरची परवानगी नाही असा मेसेज येतो, त्याच्याच खाली कंटिन्यूचं बटण असतं, ते दाबलं की आत.

यावर इलाज म्हणजे अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणे, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशा रूपात डेटा ठेवणे. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर, होम असेल तर बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवाल्यांना लक्स. वेगळे पैसे पडत नाहीत. मशीन स्लो होईल ही भीती पण जुनी झाली, एईएसचं (एन्क्रिप्शनच्या पद्धतीचं) गणित आता प्रोसेसर स्वतःच हार्डवेअरमध्ये करतो, रोजच्या कामात फरक जाणवत नाही.

विंडोजवर बिटलॉकर चालू केल्यावर सी ड्राइव्हच्या आयकॉनवर छोटं कुलूप दिसतं, ते उघडं दिसलं तर घाबरू नका, तुम्ही आत आहात म्हणून ते उघडं आहे. पण पिवळा त्रिकोण दिसत असेल तर थांबा. त्याचा अर्थ डेटा एन्क्रिप्ट असला तरी किल्ली त्याच डिस्कवर उघडी पडलीये, म्हणजे प्रोटेक्शन अजून चालू झालेलंच नाही. नवीन लॅपटॉपवर हे सर्रास दिसतं आणि लोक त्याच्याकडे बघतही नाहीत.

आता रिकव्हरी की, म्हणजे डिस्क लॉक झाली तर उघडायची राखीव किल्ली. माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. बिटलॉकरमध्ये ती 48 आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट, आणि एखाद्या दिवशी बायोस (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की निळा स्क्रीन येऊन तेच आकडे मागतो. ही की त्याच लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये ठेवून काय उपयोग, लॉक झाल्यावर ती फाइल उघडणार कुठून? प्रिंट काढून कपाटात ठेवा आणि एक कॉपी पासवर्ड मॅनेजरमध्ये, जो फोनवरही उघडतो. की गेली तर डेटा गेला, कंपनीला फोन करून काही होत नाही, आणि होत असतं तर त्या एन्क्रिप्शनला काही अर्थच राहिला नसता.

दुसरं म्हणजे झाकण मिटून बॅगेत टाकायची सवय. स्लीपमध्ये किल्ली रॅममध्येच राहते, 2008 मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी रॅम थंड करून तिच्यातून किल्ल्या काढून दाखवल्या होत्या. इतकं कोण करणार म्हणा, पण प्रवासात शट डाउन करायला असा काय वेळ लागतो.

आणि हो, मशीन चालू असताना डिस्क एन्क्रिप्शन तुम्हाला वाचवत नाही. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर त्याला सगळ्या फाइली तुमच्यासारख्याच उघड्या दिसतात. त्यासाठी बॅकअप हवा, आणि तो बॅकअप ज्या पोर्टेबल ड्राइव्हवर घेता तो पण एन्क्रिप्टेड हवा (इथे नव्वद टक्के लोकांची बोंब असते, आकडा माझ्या मनाचा आहे पण तुम्हालाही पटेल). फाइल मेलने पाठवायची असेल तर सेव्हन-झिप या फाइल पॅक करायच्या प्रोग्राममध्ये पासवर्ड देताना एईएस-256 निवडा, झिपक्रिप्टो नावाचा जुना पर्याय दिसेल तो कमकुवत आहे, घेऊ नका. आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका रे बाबांनो, फोन करून सांगा.

एक्सेलच्या शीटला प्रोटेक्ट करणं म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, ते फक्त चुकून बदल होऊ नये म्हणून असतं. फाइल उघडतानाच पासवर्ड मागणारा पर्याय वेगळा आहे, तो फाइल मेनूतल्या इन्फोमध्ये प्रोटेक्ट वर्कबुकच्या खाली सापडेल.