घर सोडताना डिपॉझिट अडकलं तर काय करायचं : माझा पुण्यातला अनुभव

भाडं महिना २४,०००, डिपॉझिट ८०,०००, अकरा महिन्यांचा नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार. घर सोडल्यावर मालकांनी हिशोब पाठवला: रंगकाम २२,०००, 'डीप क्लीनिंग' ६,०००, किचन ट्रॉली ३,०००, पंख्याचा रेग्युलेटर ४५०. एकूण कपात ३१,४५०, आणि उरलेले ४८,५५० 'जमेल तसे'. रेग्युलेटर माझ्याकडून तुटला होता, त्याचे पैसे लगेच मान्य केले. बाकीचे मिळवताना कुठले कागद उपयोगी पडले, ते सांगतो.

पहिला कागद अर्थातच करार. त्यात डिपॉझिटची पूर्ण रक्कम आणि ती बँकेतून दिल्याचा व्यवहार क्रमांक असायला हवा. 'स्टॅम्प ड्यूटी वाचते' म्हणून एजंट रक्कम कमी दाखवायला सांगतात. हिशोब करून बघा: एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. म्हणजे ५०,००० कमी दाखवले तर वर्षाला वाचतात साडेबारा रुपये! आणि वाद झाला की ते ५०,००० दिल्याचा पुरावा शोधत बसा. करार नोंदवलेलाच नसेल तर घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. असा नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

दुसरा कागद ताबा पावती. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच, आणि बहुतेक जण तो करतच नाहीत. किल्ली वॉचमनकडे ठेवून टेम्पोबरोबर निघून जातात. एकदा किल्ली गेली की मालकाला घाई उरत नाही. मी साध्या कागदावर दोन प्रती केल्या: ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, किल्ल्यांची संख्या, वीज मीटरचं रीडिंग, पंखे, गीझर, ट्रॉल्या अशी यादी आणि प्रत्येकापुढे 'चालू' किंवा 'नादुरुस्त', सोसायटी आणि विजेची थकबाकी नाही, आणि शेवटी 'डिपॉझिट रु. ८०,००० पैकी देय रक्कम अमुक तारखेपर्यंत परत करण्यात येईल'. दोघांच्या सह्या. ट्रॉलीपुढे 'चालू, चाकांना गंज' असं लिहिलेलं होतं, ते पुढे कामी आलं. मालक सही करायला तयार नसतील तर हाच मजकूर त्याच दिवशी ईमेल आणि व्हॉट्सॲपवर पाठवा, सोबत एकही कट नसलेला घराचा व्हिडिओ. भिंती, नळ सोडून बेसिन, फ्लश, कपाटांची आतली बाजू, शेवटी मीटर.

'शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं देऊच नकोस, डिपॉझिटमधून वळतं कर' हा सल्ला सगळे देतात. मालकाची लेखी संमती असेल तर जरूर करा. नसेल तर थकबाकीदार तुम्ही ठरता आणि पुढच्या नोटिशीला जोर राहत नाही. मुदत संपल्यावर घर अडवून बसणं त्याहून धोक्याचं: त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर राहिलात तर भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते. डिपॉझिट मिळेपर्यंत भाडं न देता राहता येईल, असं कलम काही करारांत असतं. तुमच्या करारात आहे का, ते वाचा. शेजाऱ्याच्या करारात असून उपयोग नाही.

कपातीवर माझं उत्तर एका ईमेलचं होतं: प्रत्येक रकमेचं बिल आणि करारातलं कलम दाखवा. करारात 'नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून' असे शब्द होते, बहुतेक करारांत ते असतातच. फिका पडलेला रंग, खिळ्याची भोकं, गंजलेली चाकं ही झीज. फुटलेलं बेसिन, जळलेला ओटा, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं हे नुकसान. घर सोडताना रंगकामाचा खर्च भाडेकरूचा असं करारात स्पष्ट लिहिलेलं असेल तर मात्र वाद घालायला फारशी जागा राहत नाही. माझ्या करारात तसं काही नव्हतं, आणि बिलही आलं नाही.

मग वकिलामार्फत नोटीस. पोलीस चौकीत चकरा मारू नका, 'दिवाणी बाब आहे' एवढंच ऐकायला मिळतं. नोटिशीत करार नोंदणी क्रमांक, ताबा दिल्याची तारीख, मागणीची रक्कम, १५ दिवसांची मुदत आणि 'या तारखेपासून व्याज आकारले जाईल' हे वाक्य हवंच. करारात व्याजाचा दर नसला तरी व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे लेखी मागणी केल्यापासूनचं व्याज कोर्ट देऊ शकतं. मागितलंच नाही तर मागचं व्याज हातचं जातं. नोटीस करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती जपा. 'घेण्यास नकार' शेरा मारून पाकीट परत आलं तर ते न उघडता तसंच ठेवा, सहसा ती पोचलीच असं धरलं जातं.

नोटिशीनंतर ४८,५५० खात्यात आले. सोबत मेसेज: 'फुल अँड फायनल, ओके लिहा'. ओके लिहिलं नाही. 'रक्कम अंशतः, उर्वरित रकमेचा हक्क राखून स्वीकारली' असं उत्तर दिलं.

उरलेल्या ३१,००० साठी शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (म्हणजे दावा दाखल करण्याआधीचा) अर्ज केला. कोर्ट फी लागत नाही, वकील नसला तरी चालतं. अर्जासोबत करार, ताबा पावती, बँकेचा उतारा, ईमेल आणि नोटिशीच्या प्रती. ते समोरच्याला बोलावणं पाठवतात आणि प्रकरण लोकअदालतीत ठेवतात. तिथे तडजोड झाली तर निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. पण समोरचा आलाच नाही किंवा अडून बसला तर लोकअदालत स्वतःहून निकाल देत नाही. मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा समरी दावा. लेखी करार आणि ठरलेली रक्कम असेल तर हा मार्ग साध्या दाव्यापेक्षा लवकर संपतो, कारण प्रतिवादीला बचाव करायलाही आधी कोर्टाची परवानगी लागते. दाव्याची मुदत तीन वर्षं. व्हॉट्सॲप संभाषण पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून फोन बदलला तरी मूळ चॅट पुसू नका.

माझं प्रकरण लोकअदालतीतच मिटलं. ट्रॉलीचे ३,००० आणि व्याज मी सोडलं, मालकांनी २८,००० मान्य केले. तडजोडीत 'लवकरात लवकर' असा शब्द येऊ दिला नाही: रक्कम, तारीख, माझा खाते क्रमांक आणि चुकल्यास वर्षाला १२ टक्के व्याज, एवढं लिहून घेतलं आणि मगच सही केली.