मांजर पिंजऱ्यात आणि मी काउंटरवर

बिल्डिंगमागच्या भटक्या मांजरांची दर थोड्या महिन्यांनी नवी पिल्लं, म्हणून नसबंदीचं मीच अंगावर घेतलं. पिंजरा मिळाला, मांजरं सापडली, ते सगळं ठीक. डोकं फिरलं ते दवाखान्याच्या काउंटरवर.

फॉर्मवर पहिलाच रकाना मालकाचं नाव. म्हटलं मालक नाहीये, भटकं आहे. तर म्हणे रिकामं चालत नाही. बरं, लिहा माझं. मग मांजराचं नाव, वय, आधीच्या लसी... अहो मी त्याला आजवर हात लावलेला नाही! त्यात अपॉइंटमेंट घेतानाच नर की मादी ते सांगायचं, कारण मादीच्या ऑपरेशनला जास्त वेळ लागतो. ते मान्य, पण रात्री पिंजऱ्यात कोण शिरणार हे मला कसं कळणार? वेळ घेतली मादीची आणि आत बसला बोका. काउंटरवरच्या ताई शांतपणे म्हणतात याची वेळ नाही, परत न्या. एकदा अडकून सुटलेला बोका पिंजऱ्याकडे पुन्हा सहजी फिरकत नाही हे त्यांना कोण सांगणार! वर हुकूम, पिंजरा आत चालणार नाही, बास्केटमध्ये घालून आणा. तो आतून जाळीवर पंजे मारत फिस्कारतोय, म्हटलं तुम्हीच घाला हात, जरा जोरातच म्हटलं. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले, चादर वर करून बघितलं आणि म्हणाले आणा आत, इंजेक्शन जाळीतूनच देऊ. झालं! एवढ्यासाठी सकाळ गेली माझी.

तेव्हा आधी डॉक्टरांशीच बोला आणि "जे सापडेल ते आणेन" अशीच वेळ मागा.

चादरीवरून आठवलं, मांजर अडकलं की पिंजरा लगेच पूर्ण झाका, अंधार झाला की धडपड कमी होते. आणि आदल्या दिवसापासून खाणं बंद, बाकी खायला घालणाऱ्यांनाही सांगून ठेवा, भरल्या पोटी कोण येतंय पिंजऱ्यात. फारच बिचकणारं असेल तर दार उघडं बांधून काही दिवस आतच खायला ठेवा.

भूल असतानाच कानाचं टोक कापून घ्या, म्हणजे झालेलं मांजर लांबूनच ओळखू येतं आणि उगाच पुन्हा पकडलं जात नाही. रेबीजची लस पण तेव्हाच. टाके विरघळणारेच सांगा, हे पेशंट टाके काढायला येत नसतात.

मादीचं लांबणीवर टाकू नका. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते आणि 63 ते 65 दिवसांत पुढची खेप. चार-पाच महिन्यांची पोरगीसुद्धा गाभण राहते, तिला लहान समजू नका. फक्त पकडलेली मादी दूध पाजणारी दिसली तर डॉक्टरांना आधी सांगा आणि पिल्लं कुठे आहेत ते शोधा, तिला जास्त वेळ अडकवून ठेवता येत नाही.

"लांब नेऊन सोडा ना" म्हणणारे भेटतीलच. खाणं आणि आडोसा तिथेच राहिला की रिकाम्या जागी दुसरी येतात आणि त्यांची नसबंदी झालेली नसते. म्हणून जिथून उचललं तिथेच सोडायचं, पूर्ण शुद्धीवर आल्यावर, आणि पिंजऱ्याचं तोंड रस्त्याकडे ठेवायचं नाही, दार उघडताच बाणासारखं सुटतं.