पेडर रोड दोनदा चढावा लागतो

मुंबई मॅरेथॉनचा इतिहास बहुतेक ठिकाणी प्रायोजकांच्या नावांनी सांगितला जातो: 2004 ते 2017 स्टँडर्ड चार्टर्ड, 2018 पासून टाटा. पण ही शर्यत समजून घ्यायची तर तिचा रस्ता आणि तिची वेळ पाहायला हवी.

पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासून होत होती. मुंबईची आजची शर्यत प्रोकॅम इंटरनॅशनलने 15 फेब्रुवारी 2004 रोजी सुरू केली. पहिल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा हेन्ड्रिक रामाला जिंकला आणि त्याच वर्षी त्याने न्यूयॉर्कही जिंकली. पुढच्याच वर्षी शर्यत जानेवारीत आली आणि हळूहळू जानेवारीचा तिसरा रविवार हा तिचा दिवस होऊन बसला. मुंबईत हा महिनाभराचा फरक फार मोठा आहे. हवा दमट असली की घाम सुकत नाही, घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही, आणि मग त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढत जातात. हौशी धावपटू अलीकडे पहाटे 5 च्या सुमारास सुटतात तेही याचसाठी. पाच तास घेणारा माणूस तरीही 10 वाजता उन्हातच असतो.

2009 ची शर्यत 18 जानेवारीला झाली. ज्या सीएसटीवर 26 नोव्हेंबर 2008 ला गोळीबार झाला, त्याच स्थानकासमोरून दोन महिन्यांच्या आत लोक धावायला निघाले. या शर्यतीच्या इतिहासात याहून मोठी सकाळ नाही.

2009 मध्येच वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झाला आणि 2010 पासून तो मार्गात आला. एरवी त्यावर पायी जाता येत नाही, त्यामुळे इथे सगळे हरखतात, फोन काढतात आणि नकळत वेग वाढवतात. त्याची किंमत पुढे मोजावी लागते. वांद्र्याहून माहीम, शिवाजी पार्क, सिद्धिविनायक, वरळी करत हाजी अलीला पोचेपर्यंत साधारण 35 किलोमीटर पायांत भरलेले असतात. आणि समोर उभा असतो पेडर रोड, म्हणजे डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग.

जाताना हाच चढ अंधारात, ताज्या पायांनी, कळायच्या आत संपतो. परतताना मात्र पाऊल आखूड करा, पण पावलांची लय तीच ठेवा. नजर दहा-पंधरा मीटर पुढे, खांदे सैल. घड्याळातला वेग इथे बघूच नका, श्वासावर चला. किलोमीटरमागे 20-30 सेकंद गेले तर जाऊ द्या. खरा घात उतारावर होतो: केम्प्स कॉर्नरहून चौपाटीकडे उतरताना टाच रोवून ब्रेक लावला की मांड्या आखडतात आणि मरीन ड्राइव्हवर पेटके येतात. पोटरी धरली तर कडेला थांबून 20-30 सेकंद ताणा, मग आधी चाला, मग धावा.

याच रस्त्यावर राहणारी माणसं सकाळपासून संत्र्याच्या फोडी, मीठ, गूळ घेऊन उभी असतात. संत्र्याला मीठ लावून खा. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, भोवळ ही त्याची लक्षणं आहेत. दर 20 मिनिटांनी 100 ते 150 मिली पुरतं, आणि त्यात अधूनमधून इलेक्ट्रॉल.

अंतराबद्दल दरवर्षी कुरकुर होते: घड्याळ 42.6 दाखवतं, मग मार्ग चुकीचा मोजला का? नाही. सायकलच्या चाकाला त्याचे फेरे मोजणारा जोन्स काउंटर लावून, वळणांवर कडेपासून 30 सेंटिमीटरवरून, सर्वांत जवळच्या रेषेने 42.195 किलोमीटर मोजतात. वर हजारी एक, म्हणजे सुमारे 42 मीटर, जादा धरतात, म्हणजे अंतर कमी भरायला नको. आपण गर्दीत बाहेरून वळतो आणि उंच इमारतींत जीपीएस भरकटतं. किलोमीटरची पाटी आली की लॅपचं बटण स्वतः दाबा.

या रस्त्यावर 2023 मध्ये इथिओपियाच्या हायले लेमी बरहानूने 2:07:32 चा विक्रम केला. पण मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं नाव ललिता बाबरचं आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ही मुलगी 2015 मध्ये इथे 2:38:21 मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहावी आली. 2019 मध्ये भारताच्याच सुधा सिंगने त्याहून कमी, 2:34:56 वेळ दिली.

पहाटे कल्याण, पनवेल, विरारहून जादा लोकल सुटतात, त्यामुळे येण्याची चिंता नसते. परतीचा दिवस मात्र रविवार असतो, तेव्हा मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून ठेवा. पदक मिळाल्यावर आझाद मैदानात लगेच बसू नका. दहा मिनिटं चाला, कोरडा टी-शर्ट घाला, काहीतरी खारट खा आणि मगच लोकलचे जिने चढा.