ओटिसचं गाणं, अरीथाचं गाव

अमेरिकेतल्या मेम्फिसला येणारे बहुतेक जण गायक एल्विस प्रेस्लीसाठी येतात. मी आले ‘रिस्पेक्ट’साठी. हे गाणं जगाला अरीथा फ्रँकलिनचं म्हणून माहीत आहे, पण ते लिहिलं आणि आधी गायलं ओटिस रेडिंगने, १९६५ मध्ये, इथल्या स्टॅक्स स्टुडिओसाठी.

मॅकलेमोर अव्हेन्यूवरची स्टॅक्सची मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली गेली. आज तिथे दिसतं ते त्याच जागी पुन्हा बांधून २००३ मध्ये उघडलेलं संग्रहालय. सुरुवातीलाच लागतं एक लहानसं लाकडी चर्च, मिसिसिपीहून आणून इथे पुन्हा उभं केलेलं. सोल, म्हणजे स्टॅक्समध्ये घडलेलं आफ्रिकन-अमेरिकन लोकांचं हे संगीत, कुठून आलं हे सांगायला मग फलकाची गरज उरत नाही. पुढे स्टुडिओ. मुळात हे सिनेमा थिएटर, म्हणून जमीन उतरती. नव्या बांधकामातही तो उतार मुद्दाम ठेवलाय. चालताना पावलांना तो बरोबर कळतो.

तिथेच हेडफोन लावून ओटिसचं ध्वनिमुद्रण ऐकलं. हॉर्न्स, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोन, सुसाट, आवाज खरखरीत, अंगात घाई. कमावून घरी आलेला नवरा म्हणतोय, मी नसताना काय करायचं ते कर, घरात पाऊल टाकल्यावर मात्र माझा मान ठेव. गाणं झकासच आहे. त्यात अजीजी आहे, आणि ती त्याच्या गळ्याला शोभते.

मग अरीथा. १४ फेब्रुवारी १९६७, न्यूयॉर्क, अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ. पियानोवर ती स्वतः, साथीला अलाबामातल्या मसल शोल्सचे वादक, मागे गायला बहिणी कॅरोलिन आणि अर्मा. कडव्यांतले बरेचसे शब्द ओटिसचेच, पण बोलणारी आता बाई आहे. तुझ्यामागे मी वावगं वागणार नाही, कारण ती माझी मर्जी, असं ती सांगते. पदर पसरणं नाहीच. मधे किंग कर्टिसचा सॅक्सोफोन वेगळ्याच स्वरपट्टीत शिरतो आणि तिथून गाणं परत मूळ पट्टीत येतं तेव्हा अंगावर काटा येतो. त्यानंतर साथ एकदम थांबते आणि ती ‘रिस्पेक्ट’मधलं एकेक अक्षर सुटं करून म्हणते. ओटिसच्या गाण्यात ही जागाच नाही! आज हे गाणं आठवतं ते नेमकं याच जागेमुळे. बहिणींचा तो ‘सॉक इट टू मी’चा घोषही ओटिसच्या गाण्यात नाही. त्याच वर्षी जूनमध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. नागरी हक्कांच्या चळवळीने ते उचललं, स्त्रियांच्या चळवळीनेही. नवरा-बायकोपुरतं गाणं इतकं मोठं झालं ते गाणारीच्या ताकदीवर, असं मला मनापासून वाटतं.

त्याच जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या संगीत महोत्सवात ओटिसने, हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं, असं श्रोत्यांना सांगून ते गायलं. डिसेंबरमध्ये विमान अपघातात तो गेला. वय फक्त २६.

संग्रहालयातून निघून ल्यूसी अव्हेन्यूवर गेले. गाडीने थोडंसंच अंतर. १९४२ मध्ये अरीथा इथल्या एका छोट्या लाकडी घरात जन्मली. लहान असतानाच कुटुंबाने मेम्फिस सोडलं आणि पुढे ती डेट्रॉइटच्या चर्चमध्ये, वडिलांच्या प्रवचनांसोबत गाऊ लागली. घर रस्त्यावरूनच पाहिलं.

तुम्ही गेलात तर स्टॅक्ससाठी निदान अर्धा दिवस ठेवा. जाण्याआधी दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका, ओटिसचं आधी.