हळदीच्या बंधाऱ्यावर फ्लाय फिशिंग: आधी बघा, मग रॉड काढा

कोल्हापूरजवळच्या हळदी गावात भोगावती नदीच्या काठानं ऊस थेट पाण्यापर्यंत आलेला असतो. त्यामुळे लाईन पाठीमागं उडवून पुढं टाकायचा नेहमीचा कास्ट इथं चालत नाही, फ्लाय (पिसं-धागे गळाला बांधून केलेला खोटा किडा) पाचटात अडकते. इथं रोल कास्टच हवा, म्हणजे लाईन मागं न उडवता पाण्यावरूनच पुढं लोळवायची. म्हणून हळदीला जाताना माझ्याहून चांगला हात असलेल्या दोघांना गळ घातली: हिमाचलात ट्राउटवर हात बसलेले पुण्याचे एक काका, आणि सांगलीची, माझ्या लेकीच्या वयाची एक मुलगी.

जायचं सोपं आहे. रंकाळा स्टँडवरून राधानगरीकडची एसटी धरा. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि मागं संथ पाणी साठतं. तेव्हाच या.

पोहोचल्यावर मी रॉड पिशवीतच ठेवला आणि सांगलीच्या मुलीशेजारी उभा राहिलो. तालमीत नवा पोरगा वस्तादाच्या पुढ्यात आधी माती उकरतो, तसंच हे. ती मला म्हणाली, "काका, माझ्या हाताकडं नको, लाईनीच्या पोटाकडं बघा." रॉड सावकाश वर आणायचा. लाईन खांद्यामागं लोंबून पोट धरते, तिथं क्षणभर थांबायचं आणि मग पुढं झटका द्यायचा. पुढचं टोक पाण्याला चिकटलेलं हवं, कारण त्या ओढीनंच रॉड वाकतो. म्हणजे मैदानात गवतावर याचा सराव होत नाही, पाणीच लागतं. सरावाला फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. शिकवणाऱ्याला "माझं काय चुकतंय?" असं मोघम विचारू नका. "तुम्ही आत्ता का थांबलात?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

पण त्या दिवशीचे सगळ्यांत मोठे जाणकार होते बांबूची काठी घेऊन बसलेले गावातले एक भोई मामा. फ्लाय त्यांनी कधी बघितलेली नव्हती. पुण्याचे काका त्यांच्या शेजारी उकिडवे बसले आणि ऐकत राहिले. हिमाचलचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. केंदाळाच्या कडेला पाणी हललं तसं मामा म्हणाले, "मरळ हाय. हवा घ्यायला वर येती. डोस्क्यावर टाकू नगा, पल्याड टाका आनि वडत आना." मरळीला पाण्याबाहेरची हवा घ्यावीच लागते, त्यामुळे ती कुठं आहे हे बघणाऱ्याला कळतं. काकांनी पॉपर (पाण्यावर तरंगणारी, आवाज करणारी फ्लाय) पलीकडं टाकला, कडेकडेनं खेचत आणला, आणि मरळ लागली. त्यांनी आधी मामांकडं बघून हात जोडले. एवढा तयार माणूस इतकं मन लावून ऐकतो, हे बघायला मिळालं यातच माझं येणं सार्थकी लागलं.

मामांनी आणखी एक सांगितलं. पाण्यावर पिलांचा लालसर पुंजका दिसला तर तिथं गळ टाकायचा नाही. मरळ पिलं राखत असते. ती गेली की पिलंही जातात.

सामानाचं थोडक्यात: चिलापीला (तिलापिया) नऊ फुटी, पाच नंबरचा रॉड (नंबर मोठा तसा रॉड दणकट) आणि बारीक निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी फ्लाय, पुरे. मरळीला आठ नंबर आणि जाड लीडर (लाईन आणि फ्लायमधला दोरा) हवा, तिचे दात धारदार असतात. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. महसीर लागलाच तर पाण्यातल्या पाण्यात सोडा. चिलापी मूळची आफ्रिकेतली, ती घरी न्या.

धरणाचं पाणी मच्छीमार सोसायटीकडे असतं, तिथं आधी विचारा. राधानगरी अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे, तिकडं जाऊच नका. बंधाऱ्याच्या भिंतीवर शेवाळ असतं आणि वरून पाणी सोडलं की पातळी चढते, म्हणून भिंतीवरून कास्ट करू नका. मामांना गाठायचं तर उजाडताच पोहोचा, ऊन चढलं की ते वैरणीला निघून जातात.