वठलेलं झाड कोणतं?

कोणतं झाड तोडावं आणि कोणतं राखावं, हे तपासून सांगणं माझं काम. ऐन पानगळीत केलेली एक तपासणी मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो.

एकाच जातीची दोन झाडं शेजारीशेजारी. एक पार उघडं, बुंध्यावर तोडणीची खूण केलेली. दुसऱ्याची बाकी पानं झडलेली, पण वाटेवर आलेल्या मोठ्या फांदीवर तांबूस पानं दाट टिकलेली. "हे उघडं झाड वठलंय. त्या फांदीत मात्र अजून जीव आहे बघा," करवत घेऊन आलेले काका म्हणाले.

मी उघड्या झाडाची डहाळी नखाने खरवडली. आत ओलसर हिरवं. टोकाला टपोऱ्या कळ्या. या कळ्या पानगळीच्या आधीच, वाढीच्या दिवसांत तयार होतात. जुन्या देठांच्या जागी गुळगुळीत, बुजलेले वण.

पान आपोआप पडत नाही, झाड ते सोडतं. दिवस लहान होऊ लागले, किंवा कोरड्या हवेच्या प्रदेशात पाणी कमी पडलं, की हरितद्रव्य मोडतं आणि पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. नायट्रोजन आणि फॉस्फरसचा मोठा वाटा झाड माघारी ओढून घेतं. पानाकडून येणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक घटतं, पान सोडायला लावणाऱ्या इथिलीन या संप्रेरकाचा जोर वाढतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो, त्यातल्या पेशींना जोडणारा पदार्थ विकरं (एन्झाइम) विरघळवतात आणि मागे राहिलेली जखम बुचाच्या थराने बंद होते. हे सगळं जिवंत पेशीच करू शकतात.

त्या मोठ्या फांदीला हे जमलंच नव्हतं. भर वाढीच्या दिवसांत ती बुडाजवळ चिरली होती आणि पानं सुटण्याची तयारी होण्याआधीच ती वाळली. पान ओढलं तर देठ मधेच तुटला, सांध्यातून निघाला नाही. सालीखाली कोरडं, तपकिरी.

ओक, बीचसारखी काही झाडं धडधाकट असूनही वाळकी पानं धरून ठेवतात, त्यामुळे नुसत्या पानांवरून मी कधीच निर्णय देत नाही. साल आणि कळ्या पाहायच्याच.

काकांनी दोन्ही डहाळ्या स्वतः खरवडून पाहिल्या आणि बुंध्यावरची खूण पुसली. वाळलेली फांदी त्यांनी खोडालगतचा फुगवटा राखून कापली, कारण जखम भरून येते ती त्या फुगवट्यातूनच.